तीन दिवस गॅस समजून बसलो. डायव्हर्टिक्युलायटिस ओळखायचा तरी कसा?

घोडबंदरकर

कालच घरी आलो. पाच दिवस दवाखान्यात काढले, आता पेज आणि मऊ भातावर आहे, त्यामुळे टंकायला वेळच वेळ आहे.

वय ५२, राहणार कासारवडवली, नोकरी ऐरोलीला. मागच्या शनिवारी दुपारी लग्नाची पंगत झाली आणि संध्याकाळी पोटात दुखायला लागलं. बेंबीच्या खाली, डावीकडे, पँटचा पट्टा बसतो त्याच्या चार बोटं खाली. जिलबी, मठ्ठा, वर दोन मसाला पानं, म्हटलं गॅस. ओवा चावला, बायकोने बेंबीवर हिंग लावला. रविवारी दुखणं तिथंच. पोट साफ नव्हतं म्हणून इसबगोल घेतला. रात्री अंगात कणकण वाटली. थर्मामीटर काढला तर त्याचा सेल गेलेला, म्हणून हात लावून 'नसेल ताप' असं ठरवलं.

आता मूर्खपणा ऐका. गुडघ्यासाठी आणलेली वेदनाशामक गोळ्यांची जुनी पट्टी घरात होती. रविवारी रात्री एक, सोमवारी सकाळी एक. छान वाटलं, ऑफिसला गेलो. येताना सहकाऱ्याच्या गाडीत मानपाडा ते पातलीपाडा प्रत्येक खड्ड्याला माझा हात आपोआप पोटावर. घरी सोफ्यावर डावा पाय पोटाशी घेऊन बसलो होतो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, गॅस झालेला माणूस येरझाऱ्या घालतो. तुम्ही तासभर हललेला नाहीत." तेवढ्यात थंडी वाजून ताप भरला.

रात्री दवाखान्यात गेलो. रक्तात पांढऱ्या पेशी १७,०००, म्हणजे बऱ्याच वाढलेल्या. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये लिहून आलं की आतड्यातल्या गॅसमुळे नीट दिसत नाही. मी बायकोला म्हटलं, "बघ, गॅसच आहे." ती काही बोलली नाही. मग सीटी स्कॅन झाला आणि डायव्हर्टिक्युलायटिस हा जिभेला न वळणारा शब्द पहिल्यांदा ऐकला. मोठ्या आतड्याच्या भिंतीला फुगून झालेली बारीक पिशवी सुजते म्हणे. आतड्याची भिंत सुजलेली, भोवतीच्या चरबीतही सूज, पण फुटलेलं नव्हतं आणि पू साठलेला नव्हता. सलाईन आणि अँटिबायोटिकवर निभावलं.

तर प्रश्न असा. शनिवारी मला हे कशावरून कळायला हवं होतं? पोट तर महिन्यातून चारदा दुखतं. दर वेळी कोण स्कॅन करत बसणार?

जुना_सभासद

काळजी घ्या. वाचनखूण साठवली.

खवचट_खंडू

घोडबंदर रोडवर पोट न दुखता प्रवास करून दाखवणाऱ्याला आमच्यातर्फे तुमच्या वाटणीची जिलबी.

सानपाडा_लोकल

माझं उजवीकडे दुखत होतं. सगळे म्हणाले अपेंडिक्स. सासरे, शेजारी, रिक्षावालासुद्धा. भरती झालो, उपाशी ठेवलं, ऑपरेशनच्या कागदावर सही झाली. सर्जनने नेण्याआधी 'एकदा सीटी बघूया' म्हटलं म्हणून वाचलो. अपेंडिक्स ठणठणीत होतं, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला अशीच एक पिशवी सुजलेली होती. औषधांवर बरं झालं. म्हणजे 'डावीकडे दुखलं तरच हे' असं धरून बसू नका. तेव्हा वय ३८ होतं, तेव्हा 'म्हातारपणाचा आजार' हेही धरून बसू नका.

मधुमालती_ठाणे

घोडबंदरकर, तुमच्या सौभाग्यवतींना नमस्कार सांगा.

आमच्याकडे आईचं झालं. नौपाड्यात राहते, वय ७४, संधिवातासाठी बरीच वर्षं स्टेरॉइडची गोळी चालू आहे. ताप नाही. दुखणंसुद्धा 'जरासं' म्हणायची. नुसतं जेवण तुटलं आणि लघवीला सारखं जावं लागायचं. फॅमिली डॉक्टरांनी लघवीचा संसर्ग समजून गोळ्या दिल्या, त्यांचीही चूक म्हणवत नाही. चौथ्या दिवशी मी तिला कुशीवर वळवायला गेले तर ती किंचाळली. आमची आई किंचाळणारी बाई नाही हो. दाढ काढतानाही हूं की चूं केलं नव्हतं. स्कॅनमध्ये पू साठलेला निघाला. बाहेरून सुई घालून नळी बसवली, आठवडाभर ती पिशवी कॉटला लटकत होती आणि आई तिच्यावर रुमाल टाकून ठेवायची, भेटायला येणाऱ्यांना दिसू नये म्हणून.

माझा प्रश्न धागाकर्त्याच्या उलट आहे. ज्यांना ताप येतच नाही त्यांचं काय?

त्रिफळाप्रेमी

नवीन नवीन नावं आणि जुनीच पोटं. आमच्या आजोबांच्या काळात हा आजार कोणी ऐकला होता का? भाकरी, भाजी, रात्री त्रिफळा. मैदा आणि बिस्किटं आल्यापासून हे सुरू झालं. वेळीच पोट साफ ठेवलं असतं तर घोडबंदरकरांवर ही वेळ आली नसती.

आकडेमोड

त्रिफळाप्रेमी, अर्धं तुमचं बरोबर आहे. युगांडात काम केलेले सर्जन डेनिस बर्किट आणि त्यांचे सहकारी पेंटर यांनी १९७१ साली हेच मांडलं होतं की चोथा कमी झालेल्या पाश्चात्त्य आहाराचा हा आजार आहे. पुढे त्या मांडणीवर शंका घेतल्या गेल्या, तरी चोथा भरपूर खाणाऱ्यांना हा त्रास कमी होतो असं मोठ्या पाहण्यांत दिसतं.

पण आजोबांचं राहू द्या. आजोबांच्या काळी सीटी स्कॅन नव्हता. तेव्हा 'पोटात दुखून दोन दिवसांत गेले' एवढंच म्हणायचे. माझे एक चुलत आजोबा तसेच गेले. कशाने गेले ते आजही कोणी सांगू शकत नाही.

टाका_आणि_दोरा

मी नवी मुंबईत जनरल सर्जन आहे. इथे कोणाचं निदान करणार नाही, पण धागा चांगला आहे म्हणून लिहिते.

सायकलची जुनी ट्यूब आठवा. भिंत कमजोर असेल तिथे हवा भरली की फुगा येतो. मोठ्या आतड्याच्या भिंतीतून रक्तवाहिन्या आत शिरतात त्या जागा अशाच कमजोर असतात, तिथे आतलं अस्तर बाहेर फुगून वाटाण्याएवढ्या पिशव्या तयार होतात. पाश्चात्त्य देशांत साठीच्या पुढच्या जवळपास निम्म्या लोकांना त्या असतात आणि बहुतेकांना जन्मात पत्ता लागत नाही. नुसत्या पिशव्या असणं म्हणजे डायव्हर्टिक्युलोसिस. त्यातली एखादी सुजली, तिथे संसर्ग झाला, की डायव्हर्टिक्युलायटिस. डावीकडे खाली आतडं एस आकारात वळतं, तिथे याचं प्रमाण जास्त. जपान, कोरियाकडे उजवीकडचे रुग्णही भरपूर, त्यामुळे सानपाडा_लोकल यांचा अनुभव अजिबात विचित्र नाही.

घोडबंदरकर, वहिनींनी जे पाहिलं ते आम्ही दारातून पाहतो. मुतखड्याचा माणूस कॉटवर स्वस्थ पडत नाही, उठतो, बसतो, भिंतीला टेकतो. पोटाच्या अस्तरापर्यंत सूज गेलेला माणूस हलायला तयार नसतो, खोकतानासुद्धा पोट धरतो. गॅसचं दुखणं जागा बदलतं, येतं-जातं, वारा सरला की हलकं होतं. हे एका जागी बसतं आणि तासातासाने वाढतं. बोट ठेवून जागा दाखवता येते. सोबत कणकण किंवा ताप, मळमळ, भूक मेलेली. बद्धकोष्ठ होतं तसं काहींना जुलाबही होतात, त्यावरून फसू नका. आणि मधुमालती, ते वळणदार आतडं मूत्राशयाला खेटून असतं, म्हणून तुमच्या आईंना लघवीची घाई होत होती.

ताप न येणाऱ्यांचं विचारलंत. स्टेरॉइडवर असलेले, मधुमेही, केमो चालू असलेले आणि खूप वयस्कर, यांच्या बाबतीत मी तापाची वाट बघतच नाही. 'जेवण तुटलं आणि माणूस वेगळा वागतोय' एवढं मला पुरतं.

शनिवारी तुम्हाला रोगाचं नाव कळलं नसतं. पोटावर नुसता हात ठेवून मलाही कळत नाही. निघायचं कधी, ते कळतं.

खवचट_खंडू

डॉक्टरीणबाई, एक शंका. डायव्हर्टिक्युलम हा शब्द आला कुठून? 'डायव्हर्जन'चा नातेवाईक वाटतो.

आकडेमोड

खंडू, पहिल्यांदाच बरोबर बोललास. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मुख्य रस्ता सोडून फुटलेली आडवाट.

खवचट_खंडू

मग घोडबंदरकरांना नाही तर कोणाला होणार! मेट्रोच्या खांबांपायी आमचा अख्खा रस्ताच डायव्हर्टिक्युलोसिस झालाय. पाऊस पडला की डायव्हर्टिक्युलायटिस.

सानपाडा_लोकल

फुटलो. माफ करा, इथे हा शब्द वापरायला नको.

निवांत_नेरूळ

गंमत म्हणजे खड्ड्यांवर खरंच संशोधन झालंय. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी २०१२ साली अपेंडिक्सच्या संशयितांना विचारलं, 'येताना गतिरोधकावर दुखलं का?' ज्यांना खरोखर अपेंडिक्स निघालं अशा ३४ पैकी ३३ जणांना दुखलं होतं. ज्यांना दुखलं पण अपेंडिक्स नव्हतं, त्यांच्यातल्या काहींना दुसरं गंभीर काही निघालं, त्यात हा आजारही होता. म्हणजे घोडबंदरकर ऑफिसातून येताना एक तपासणी फुकट करून आले होते, रिपोर्ट वाचला नाही इतकंच.

टाका_आणि_दोरा

हो, पोट दाबून हात झटकन सोडला की दुखतं ते आम्ही बघतो, हा त्याचाच भाऊ. पण उलटं लावू नका. पाम बीच रोडने आलात आणि दुखलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं नाही. तो रस्ता गुळगुळीत आहे.

त्रिफळाप्रेमी

विषय खड्ड्यात गेला. मी म्हणत होतो, एरंडेलाचा एक डोस...

टाका_आणि_दोरा

नको. इथे ठामपणे सांगते. पोट एका जागी दुखतंय, ताप आहे, तेव्हा एरंडेल, जुलाबाच्या गोळ्या, एनिमा, पोट चोळणं, गरम पाण्याच्या पिशवीवर रात्र काढणं, यातलं काही नको. त्रिफळा बरं असताना घ्या, माझी ना नाही.

आणि घोडबंदरकरांनी मूर्खपणा म्हणून जे लिहिलंय त्यावर कोणीच बोललं नाही. गुडघ्याच्या त्या गोळ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्यांनी ताप आणि दुखणं झाकलं जातं, शिवाय या आजारात आतडं फुटण्याचा धोका त्या वाढवतात. दुखणं थांबलं म्हणून हे ऑफिसला गेले, तो सोमवार फुकट गेला. अगदीच राहवेना तर पॅरासिटामॉल घ्या आणि दवाखान्यात गेल्यावर कधी, किती घेतली ते सांगा. लपवू नका. लोक लपवतात.

मधुमालती_ठाणे

लपवतात! आईने घरगुती काढा घेतलेला आम्हाला तिसऱ्या दिवशी कळला.

आता पथ्याचं कोणीतरी सांगा. डिस्चार्जच्या वेळी वॉर्डातल्या एकीने सांगितलं की बिया पूर्ण बंद. पेरू, टोमॅटो, वांगं, तीळ, काकडी सगळं बंद. बी पिशवीत अडकते म्हणे. आई देशावरची. तिला वांगं बंद म्हणजे काय ते मी काय सांगू. संक्रांतीला तिळाच्या वडीकडे नुसती बघत बसली होती.

आकडेमोड

ही जुनी समजूत, डॉक्टरही वर्षानुवर्षं सांगायचे. अमेरिकेत आरोग्य क्षेत्रातल्या सुमारे ४७ हजार पुरुषांवर १८ वर्षं लक्ष ठेवलं, २००८ मध्ये निष्कर्ष आले. शेंगदाणे, बदाम, मका, पॉपकॉर्न खाणाऱ्यांना हा त्रास जास्त झाला नाही. उलट शेंगदाणे-बदाम आणि पॉपकॉर्नवाल्यांना थोडा कमीच झाला. पाहणी पुरुषांची होती आणि वांग्यावर नव्हती, हे मान्य.

टाका_आणि_दोरा

दुखणं चालू असताना पातळ पदार्थ, मग पेज, मऊ भात. बरं झाल्यावर हळूहळू चोथा वाढवायचा. बियांवर बंदी मी घालत नाही. आईंच्या डॉक्टरांना विचारा आणि त्यांनी हो म्हटलं की करा भरीत. सिगारेट, वाढलेलं वजन, बसून राहणं आणि रोजचं लाल मांस याची मात्र मला जास्त काळजी वाटते.

मधुमालती_ठाणे

भरीत!! तुमच्या तोंडात साखर पडो.

निवांत_नेरूळ

अँटिबायोटिकचा मुद्दा राहिला. स्वीडनमधल्या अभ्यासात, बहुधा २०१२ सालच्याच, साध्या प्रकारात अँटिबायोटिक देऊन-न देऊन फार फरक पडला नव्हता. मग आपल्याकडे पाच-पाच दिवस सलाईन कशाला? विमा आहे म्हणून?

टाका_आणि_दोरा

अभ्यास खरा आहे. पण ते सगळे रुग्ण स्कॅन करून 'गुंतागुंत नाही' हे पक्कं झालेले होते, आणि दवाखान्याच्या नजरेखाली होते. १७ हजार पेशी, थंडी वाजून ताप आणि तीन दिवस अंगावर काढलेला माणूस समोर असेल तर मीही दिलं असतं. विम्याचं तुम्ही म्हणता तसं होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण या धाग्यातला माणूस ते उदाहरण नाही.

घोडबंदरकर

पुस्ती जोडतो. विमा कंपनीने 'पोटदुखी, निरीक्षणासाठी भरती' म्हणून आधी कॅशलेस अडवलं होतं. सीटीचा रिपोर्ट गेल्यावर सुटलं. तेव्हा सलाईन त्यांच्या प्रेमापोटी लागलं नव्हतं.

निशिगंधा७

पहिल्यांदाच लिहितेय, चूक झाल्यास सांभाळून घ्या. मिस्टरांचं कालपासून डावीकडे दुखतंय. थोडं मागून सुरू होऊन पुढे येतं. वय ५७, मधुमेह आहे. ताप ९९. पोट साफ आहे. आम्ही कोपरखैरण्याला आहोत. धागा वाचून हातपाय गळालेत. सकाळपर्यंत थांबू का?

टाका_आणि_दोरा

थांबू नका. मधुमेह आहे, एका बाजूला दुखतंय, दुसरा दिवस आहे. ते काय आहे ते इथून कळणार नाही. आत्ता जा. औषधांची यादी आणि साखरेचे आकडे सोबत न्या, तपासेपर्यंत काही खायला देऊ नका. पोट फळीसारखं कडक झालं, उलट्या थांबेनात, चक्कर आली किंवा लघवी कमी झाली तर रिक्षाच्या भानगडीत न पडता १०८ लावा.

घोडबंदरकर

ताई, निघा. काय झालं ते कळवा.

सानपाडा_लोकल

रात्री काही लागलं तर सांगा, मी दोन स्टेशनं पलीकडे आहे.

कुतूहल

मध्येच विचारतो. शौचातून रक्त पडणं हे याचंच लक्षण का? वडिलांना एकदा बरंच पडलं होतं, दुखलं मात्र काहीच नाही.

टाका_आणि_दोरा

त्याच पिशव्यांचा तो दुसरा उद्योग. पिशवीच्या तोंडाशी असलेली रक्तवाहिनी फुटते आणि न दुखता भसाभस रक्त जातं. सुजेच्या आजारात रक्त हे ठळक लक्षण नसतं. मूळव्याध समजून घरी बसू नये, कारण त्या वयात कर्करोगही वगळावा लागतो. वडिलांची तपासणी झाली नसेल तर करून घ्या.

निशिगंधा७

सगळ्यांचे आभार. काल रात्री नेलं. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सीटी सगळं झालं, आतडं स्वच्छ, मुतखडा नाही. डॉक्टरही बुचकळ्यात. आज सकाळी शर्ट घालताना मला पाठीवर पुरळ दिसलं, बरगडीखालून पोटाकडे पट्ट्यासारखं. नागीण निघाली! गोळ्या सुरू झाल्यात. मिस्टर म्हणतात, एवढे पैसे घालवून शेवटी निदान तूच शर्टाखाली केलंस. मी म्हटलं, थांबले असते तर रात्रभर जीव टांगणीला लागला असता.

टाका_आणि_दोरा

नागीण पुरळ यायच्या आधी दोन-तीन दिवस नुसती दुखते, आम्हालाही चकवते. लवकर कळली ते बरं झालं, त्या गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितक्या चांगल्या. गेलात ते योग्यच केलंत.

खवचट_खंडू

विषय डायव्हर्टिक्युलायटिस, निघाली नागीण. हे खरं डायव्हर्जन.

घोडबंदरकर

सात आठवड्यांनी धागा वर काढतोय. काल कोलोनोस्कोपी झाली. सूज असताना ती करत नाहीत, आतडं फुटायची भीती असते, म्हणून एवढे दिवस थांबवलं होतं.

तपासणीला घाबरू नका, झोपेचं औषध देतात, कळतही नाही. आदल्या रात्रीला घाबरा. दोन लिटर पाण्यात पावडर कालवून दर पंधरा मिनिटांनी एक पेला. चव लिंबाची म्हणतात, मला लिंबू सरबतात कोणीतरी मिठागर ओतल्यासारखं लागलं. पहिला तास काहीच होत नाही, माणूस ऐटीत बातम्या बघतो. नंतर मी बाथरूमच्या दारातच प्लास्टिकची खुर्ची टाकली. शेवटी शेवटी नुसतं स्वच्छ पिवळसर पाणी. मुलाने बाहेरून विचारलं, "बाबा, अजून आहात ना?"

रिपोर्ट चांगला आहे. डाव्या वळणात सात-आठ पिशव्या, सूज नाही, वेगळी गाठबिठ काही नाही. त्या पिशव्या आता माझ्याच, जन्मभराच्या.

मधुमालती_ठाणे

वा, छान बातमी! आईनेही भरीत खाल्लं, ठीक आहे. पण तुमच्या मूळ प्रश्नाचं काय झालं? शनिवारी कळलं असतं का?

घोडबंदरकर

खूप विचार केला. शनिवारी नसतं कळलं. पंगत डोक्यात होती, कोणी काही सांगितलं असतं तरी मी मसाला पानाकडेच बोट दाखवलं असतं. रविवारी रात्री मात्र कळलं असतं. दुसरा दिवस, तीच जागा, वर कणकण. त्या रात्री १०१ आकडा डोळ्यांनी दिसला असता तर मी गोळी शोधायला उठलो नसतो, गाडीची किल्ली शोधली असती.

गुडघ्याच्या गोळ्या बायकोने कपाटात कुलूपबंद केल्यात. सेल आणलाय.

कुतूहल

कुठल्या नंबरचा असतो हो तो? आमचाही गेलाय.

घोडबंदरकर

एलआर ४१. घड्याळवाल्याकडे मिळतो.